तीन शिट्ट्यांचा कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे आधी कुकर लावायचा. बायको डाळ-तांदूळ धुऊन कुकर गॅसवर ठेवायची, बाहेरच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरचं बटण दाबायची आणि परत आत जायची. तिसरी शिट्टी झाली की पडद्यावर धबधब्याचं चित्र उमटायचं. मग त्यावर एकेक खूण टपकायला लागायची, आणि वरण घोटून होईपर्यंत यंत्राची काम करायची तयारी व्हायची. पाहुणे बघून हसायचे. आम्ही दोघं हसायचो नाही, कारण ती घाईत असायची आणि मला अपराधी वाटत असायचं.

मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एसटीत एखादं म्हातारं माणूस उभं असलं आणि मीही उभाच असलो, तरी मला वाटतं, आपण बसलेलो असतो तर उठून जागा देता आली असती. बायको म्हणते, "तुमचं मन म्हणजे कायम पिंजऱ्यात उभं. वकील नाही, फिर्यादी नाही, नुसता आरोपी."

पण कॉम्प्युटरच्या बाबतीत कारण खरं होतं. तो मंद झाला होता तो माझ्यामुळंच.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. साताऱ्यात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचो. कचेरीतल्या साहेबांच्या मुलानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्याचा जुना आमच्याकडं आला. तो आणायचा हट्ट बायकोचा. लग्नाआधी ती सांगलीच्या एका छापखान्यात कंपोजचं काम शिकली होती. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांची पावतीपुस्तकं, सगळं तिला यायचं. यंत्र घरी आल्यावर तिनं शेजारपाजारच्या पत्रिका करायला सुरुवात केली. ती मजकूर टाइप करून पानं लावायची, छपाई बाहेर व्हायची.

यात माझं योगदान काय, तर भरती. कचेरीत ज्याच्याकडं म्हणून फ्लॉपी असे त्याच्याकडून मी काहीतरी घेऊन यायचो. क्रिकेटचा खेळ आणला. कोपऱ्यात टिकटिकणारं घड्याळ आणलं. काम थांबलं की पडद्यावर मासे पोहायला लागायचे, ते आणलं. बाणाच्या जागी पळणारा घोडा आणला. यंत्र सुरू झालं की सनई वाजेल अशी सोय केली. ती सनई अडखळत वाजायची, वऱ्हाडाची गाडी रस्त्यात बंद पडल्यासारखी.

आणि फॉन्ट. फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण; मजकूर तोच, पण कुठल्या वळणात दिसावा ते त्यावर ठरतं. दुसरे नवरे संध्याकाळी गजरा आणतात, तसा मी फॉन्ट आणायचो. फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून ऐटीत घरी यायचो. पहिला आणला तो वेलबुट्टीचा होता. प्रत्येक अक्षराच्या शेंड्याला कैरी लटकलेली. त्यात पत्रिका केली असती तर लग्न कुणाचं आहे ते मांडवात गेल्यावरच कळलं असतं. बायको "छान आहे हो" म्हणाली, आणि मी तेवढ्यावर पुढं कितीतरी आणत राहिलो. ते सगळे फॉन्ट यंत्र सुरू होताना दर वेळी मोजून आत घेत होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग तिला पहिलं मोठं काम मिळालं. जवळच्या शाळेची स्मरणिका. पत्रिका-हँडबिलं वेगळी आणि पुस्तक वेगळं. शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी' या शब्दापुढं तिचं नाव छापून येणार होतं. पंधरा दिवस ती घरकाम सांभाळून टाइप करत होती. पण स्मरणिका जशी वाढत गेली तसे यंत्रानं गुडघे टेकले. एक पान खाली सरकवायचं तर ती तेवढ्यात कणीक मळून यायची.

शनिवारी मुख्याध्यापिकाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, "मंगळवारी निम्मी तरी पानं दाखवा. नाहीतर मी सांगलीला देऊन टाकते."

सांगलीला म्हणजे, ती जिथं शिकली त्याच छापखान्यात. आपल्याच गुरुजींच्या हाती आपला नापासाचा पेपर जावा, तसं ते होतं.

दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं चहा पिता पिता निदान केलं, "मेमरी वाढवा, नाहीतर नवीनच घ्या." दोन्ही आम्हाला शक्य नव्हतं. बायकोनं पिशवी भरायला घेतली. तिच्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून ती संध्याकाळच्या गाडीनं कडेगावला माहेरी गेली. जाताना दारात एवढंच म्हणाली, "रविवारी संध्याकाळी येते. तोवर त्याला हात लावू नका, तापेल उगाच."

माझे वडील, आबा, थंडीत आमच्याकडं यायचे. मेढ्याकडच्या आमच्या गावी गारठा फार. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांना मान्य नव्हती. रविवारी सकाळी मी यंत्रासमोर तोंड पाडून बसलेलो त्यांनी बघितलं.

"काय झालंय रं?"

मी सगळं सांगितलं. फ्लॉप्या, मासे, घोडा, सनई, सगळं कबूल केलं.

"म्हंजे ह्येच्या पाठीवर लय वझं झालंय," आबा म्हणाले. "ह्यात रडायचं काय? किट लेआऊट करू."

पलटणीत इन्स्पेक्शनच्या आधी जवानानं आपलं सगळं सामान चादरीवर मांडायचं असतं. साहेब काठीनं एकेका वस्तूकडं बोट दाखवणार, ही कशाला, आणि जवानानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की 'फॉल-आऊट', वस्तू चादरीबाहेर. आबांनी आयुष्यभर हे केलं होतं आणि करवून घेतलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि हातात आपली काठी घेतली.

"आदी ह्येचा सदरा काढ."

सदरा म्हणजे कव्हर. कडेगावात उसाच्या गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या चिमणीतून काजळी उडते, दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. सासूबाईंना वाटलं साताऱ्यातही तसंच असणार. म्हणून त्यांनी क्रोशाचं जाड कव्हर विणून दिलं होतं, खाली गोंडे लावून. यंत्र चालू असतानाही ते आम्ही काढत नव्हतो, खराब होईल म्हणून. मागच्या बाजूला हवा बाहेर पडायच्या जाळीवर लोकरीसारखा धुळीचा थर होता.

"बिचारा तापून अडनार न्हाई तर काय करंल! आदीच तापतंय, त्यात त्येला स्वेटर घातलाय व्हय तुमी?"

दात घासायच्या जुन्या ब्रशनं मी जाळी साफ केली. दसऱ्याला यंत्राची पूजा केली होती, तेव्हाच्या अक्षता फ्लॉपी घालायच्या फटीत सापडल्या. आबांनी त्या तळहातावर घेऊन बघितल्या आणि म्हणाले, "रेशन दिलंवतं म्हना की."

मग चादर. मी एकेक नाव मोठ्यानं वाचायचं आणि आबांनी विचारायचं.

"हे मासे."

"कशाला?"

"पडदा बराच वेळ तसाच राहिला तर खराब होतो, म्हणून ते पोहतात."

"पडदा बंद कर की मग. फॉल-आऊट."

"घड्याळ."

"भिताडावर हाय ते चालत न्हाई का? फॉल-आऊट."

"घोडा."

"आमच्या पलटनीत खेचरं व्हती, ती सामान वाहायची. हा काय वाहतोय?"

"काही नाही."

"फॉल-आऊट!"

क्रिकेटच्या खेळापाशी मात्र आबा घुटमळले. दुपारी जेवल्यावर ते तो खेळ खेळायचे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी खाकरून घेतलं.

"त्येला काय... राखीव फौज म्हनून ठिवता येईल का?"

"आबा, सर्वांत जास्त जागा तोच खातोय."

"मग काड. सुनंचं काम पैलं." आणि काठी खाली आपटून ते दुसरीकडं बघायला लागले.

धबधबा गेला, साधा निळा रंग आला. सनई गेली. यंत्र सुरू होताना आपणहून जागे होणारे कार्यक्रम मी एकेक झोपवले. आबांच्या अंगात आलं होतं. एका ठिकाणी विचित्र नावांच्या फाइलींची रांगच्या रांग दिसली, तेव्हा ते काठी उगारून म्हणाले, "ही कोन फुकटी?"

"आबा, हे लंगरखान्यातले लोक आहेत असं समजा. दिसत नाहीत, पण काढले तर सगळ्यांचं जेवण बंद."

"लंगरला हात लावू नगंस!" ते दचकून म्हणाले.

मग फॉन्टची पाळी आली. यादी संपता संपेना. मी काही उघडून दाखवले. आबांनी वाकून बघितलं.

"सगळ्यांचा 'क' तर 'क'च हाय की रं. एका जवानाला बूट किती?"

"दोन जोड."

"मग हितं एवढी पलटनभर बुटं कशाला?"

मला ते पटलं. त्या क्षणी जगातलं सगळं शहाणपण त्या वाक्यात आहे असं वाटलं. मराठीचे दोन स्वच्छ, सरळ दिसणारे फॉन्ट ठेवले आणि बाकीचे सगळे पुसले, माझे गजरे आणि काय काय. आबा म्हणाले, कचरा काढला की टोपलीही धुवायची. म्हणून यंत्रातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग विखुरलेल्या फाइली एकत्र लावायचं काम सुरू केलं. पडद्यावर रंगीत चौकोन हळूहळू सरकून ओळीत येऊ लागले. आबा चहा घेऊन समोर बसले ते उठलेच नाहीत.

"बग, बग, तो मागं ऱ्हायला... आला. दाहिने देख!"

मध्ये एकदा दिवे मंद झाले. वीज गेली असती तर सगळं अर्धवट राहिलं असतं. आम्ही दोघं श्वास रोखून बल्बकडं बघत राहिलो. दिवे पुन्हा लख्ख झाले आणि आबांनी बल्बला सलाम केला.

दुपारी मी कुकर लावला आणि बटण दाबलं. पहिली शिट्टी व्हायच्या आत पडदा तयार होता! मी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तसंच. आबा ओरडले, "गड्या, भात शिजायच्या आदी फौज हजर!" आम्ही बाप-लेक त्या खोलीत अक्षरशः नाचलो. कित्येक महिन्यांनी माझ्या मनातला आरोपी पिंजऱ्याबाहेर येऊन बसला होता.

संध्याकाळी बायको आली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. आबांनी तिला चप्पलही काढू दिली नाही.

"पोरी, बटान दाब."

तिनं दाबलं. निळा पडदा झटकन आला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. "आवं मामा, काय केलं तुम्ही?" तिचा चेहरा असा उजळला की मी मनात म्हटलं, गजरा कुठं लागतो! तिनं उभ्या उभ्याच स्मरणिका उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. उलटी, सुलटी, मध्ये डॉलरचं चिन्ह, कंस, टिंबं. पानामागून पान तसंच.

"ही कंची भाषा?" आबांनी विचारलं.

बायको आत गेली. पाण्याचा आवाज आला, तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मी तिथंच उभा होतो. पंधरा दिवसांचं तिचं काम मी माझ्या हातानं पुसलं, आणि वर टोपलीही धुतली. पण त्याहून जास्त मला दुसरंच लागलं. रोज मी तिच्या पाठीमागं उभा राहून ते काम बघत होतो, आणि ती कोणत्या अक्षरात लिहिते हे मला माहीत नव्हतं. मी इतके फॉन्ट आणले. तिचा कोणता, हे एकदाही विचारलं नाही.

ती तोंड पुसत बाहेर आली. "मजकूर कुठं गेला नाही. आहे तिथंच आहे. तुम्ही दोघांनी त्याचे कपडे काढून नेलेत. माझा फॉन्ट नसला की तो असाच दिसणार, दुसऱ्यात बसणार नाही."

"मंग घालू की परत," आबा म्हणाले.

"त्या फॉन्टची फ्लॉपी होती ना?" तिनं मला विचारलं.

होती. तिच्यावरच मी क्रिकेटचा खेळ भरून आणला होता. मी ते सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिला हसू आवरेना. ती भिंतीला टेकून हसायला लागली. "म्हणजे आता ना फॉन्ट, ना क्रिकेट!"

"क्रिकेट तर मीच देशोधडीला लावलं," आबा पडेल आवाजात म्हणाले, आणि त्यावर ती आणखी हसली.

फॉन्ट एकाच ठिकाणी मिळणार होता. सांगलीच्या छापखान्यात. तिनं तो तिथूनच आणला होता. म्हणजे जो छापखाना तिचं काम घेणार होता, त्याच्याच दारात जायचं होतं.

सोमवारी कचेरीत रजेचा अर्ज देऊन मी पहिली गाडी पकडली. फ्लॉपी वाकू नये, तापू नये म्हणून बायकोनं ती आबांच्या पानाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून दिली होती. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते, गुऱ्हाळाचा गोड वास खिडकीतून येत होता. मी मात्र छापखान्याच्या मालकांना काय सांगायचं याची उजळणी करत होतो.

मालक वयस्कर होते, बनियनवर शाईचे डाग. बायको त्यांना काका म्हणायची. त्यांनी मला बघताच हाक दिली, "या की ओ जावई! आज एकटंच? आमची पोर कुठाय?"

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. उजळणी केलेलं एक वाक्यही कामाला आलं नाही.

काका शांतपणे ऐकत होते. मग यंत्रावरच्या मुलांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का रे? सांगलीनं पोर दिली, आणि साताऱ्यानं तिची अक्षरंच उडवली!" सगळा छापखाना हसला. मीही हसलो, डबा छातीशी धरून.

"खरं सांगू का जावई? तुमच्या त्या शाळेच्या बाईंचा फोन आला होता. काम आलं तर घेईन, म्हणालो मी. धंदा आहे."

माझा चेहरा पडला असणार.

"पण कुठल्यातरी पोराला पहिल्यापासून टाइप करायला बसवायचं, मग मी त्याच्या चुका काढायच्या, त्यापेक्षा तिनं केलेलं बरं. तिच्या पानाला मला हात लावावा लागत नाही." त्यांनी हात पुढं केला. "आणा ती फ्लॉपी. कंपोज तिचं, छपाई माझी. बाईंना मी सांगतो. आणि हे बघा, लागतील तेवढेच फॉन्ट आत ठेवा. बाकीचे फ्लॉपीवर. पुसायचे नाहीत, बाहेर ठेवायचे. कळलं?"

"कळलं."

"आणि डबा पानाचा दिसतोय. पान आहे का त्यात?"

होतं. आबांचं, चुना लावून तयार. ते त्यांनी तोंडात टाकलं आणि व्यवहार पक्का झाला.

संध्याकाळी घरी येऊन फॉन्ट आत घातला. बायकोनं स्मरणिका उघडली. पहिल्यांदा शाळेचं नाव मराठीत आलं, मग मुख्याध्यापिकांचं मनोगत, मग मुलांच्या कविता. आबांनी टाळी वाजवली, "कपडे चढवले!" आणि यंत्र तसंच चपळ राहिलं. पान खाली सरकवलं की सरकत होतं. कणीक मळायला तिला आता वेगळा वेळ काढावा लागणार होता. ती जेवणाआधी बसली आणि भराभर पानं लावत गेली. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि मूळ कागद वाचून दाखवत राहिलो. मंगळवारी बाईंनी निम्म्याहून जास्त पानं बघितली. त्यांनी नंतर सांगलीचं नाव काढलं ते फक्त छपाईसाठी.

एकाच गोष्टीची आम्हाला चुटपुट लागली. पूर्वी संध्याकाळी कुकर लावायचा नसला की यंत्र सुरू होईपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसून चहा घ्यायचो, बोलायचो. आता तेवढी सवड उरली नव्हती. चार दिवसांनी बायको बटणाजवळ गेली, थांबली, आणि न दाबताच चहाचं आधण ठेवायला आत गेली. तेव्हापासून आधी चहा, मग बटण, हाच क्रम झाला.

स्मरणिकेचं शेवटचं पान लावायच्या दिवशी तिनं मला विचारलं, "अहो, तो वेलबुट्टीचा फॉन्ट आहे का कुठं? कैऱ्यावाला?"

"कचेरीत एकाकडं असेल. पण तो कशाला? पुन्हा मंद होईल."

"एकानं काय होतंय? आणा."

स्मरणिका छापून आली तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. खाली बायकोचं नाव होतं, स्वच्छ, सरळ अक्षरात. आणि त्याच्याआधी 'अक्षरजुळणी' हा शब्द वेलबुट्टीत, प्रत्येक अक्षराला कैरी लटकलेली. कुणालाही एका दमात वाचता येणार नाही असा.

आबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "ह्येला आपन फॉल-आऊट केलं न्हवतं का रं?"

"केलं होतं, आबा."

"मग?"

"मामा, तो रजेवरून परत आलाय," बायको म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.